शेजारचा शेवट

गगनबावड्याच्या घाटातल्या बोगद्यात शेजारयंत्र बसून चार वर्षं झाली होती, आणि लोकांना आता त्याचं फारसं अप्रूप उरलं नव्हतं. इचलकरंजीच्या वाचनालयात दर मंगळवारी शेजारच्या जगांतली वर्तमानपत्रं लाकडी पट्टीला लावून टांगलेली असत. निवृत्त मंडळी चष्मा सरसावून ती चाळत. एका जगात नगराध्यक्ष दुसरेच होते. एकात पंचगंगेचा पूर आठ दिवस आधीच ओसरला होता. एकात सगळं इथल्यासारखंच होतं, फक्त शब्दकोड्याचं उत्तर वेगळं. "तिकडं पण रस्ते तसलेच दिसतात," असं म्हणून मंडळी पुन्हा इथल्या पेपराकडं वळत.

जग एकच नाही ही कल्पना तशी जुनी. अणूच्या पातळीवर एखादी गोष्ट दोन प्रकारे घडू शकत असेल, तर ती दोन्ही प्रकारे घडते आणि तिथं जगाला फांदी फुटते. एका फांदीवर आपण असतो. दुसरीवरही आपणच असतो, पण त्या आपल्याला इकडचं काही कळत नाही. शेजारयंत्रानं त्या फांद्यांमधली कुजबुज पकडली होती. मात्र एकट्यादुकट्या गोष्टीची कुजबुज त्याला ऐकू येत नसे. हजारो ठिकाणी अगदी एकसारखी असलेली गोष्टच त्याला वाचता येई, म्हणजे व्यवहारात छापील मजकूर. त्यामुळं शेजारच्या जगातलं वर्तमानपत्र मिळायचं, पण तिथल्या आपल्या भावाची खुशाली मिळायची नाही.

सदानंद तिवले यांना या यंत्राशी कधी काही कर्तव्य नव्हतं. एसटीच्या आगारात चौतीस वर्षं मेकॅनिक म्हणून काढून ते निवृत्त झाले होते. वाचनाची आवड अशी एकच, 'पारगामी' ही चित्रकथांची मालिका. कोल्हापूरच्या विश्राम गुरव यांनी लिहिलेली आणि रंगवलेली ही मालिका दर महिन्याला निघे आणि चाळीस हजार प्रती खपत. तिचा नायक किसन हा वीजखात्यातला वायरमन. विजेच्या धक्क्यानं त्याला एका जगातून दुसऱ्या जगात जायची शक्ती मिळालेली. त्याच्या जगात त्याची मुलगी गोदी पुरात वाहून गेली होती. जिथं गोदी जिवंत आहे असं जग शोधत तो हिंडत होता, वाटेत भेटेल त्या संकटाशी झुंजत होता.

सदानंदना ही मालिका त्यांच्या मुलीनं, वेणूनं लावली. ती आजारी असताना ते उशाशी बसून मोठ्यानं वाचायचे आणि राक्षसांचे आवाज काढायचे. एकशेचारावा अंक वाचून झाला त्या आठवड्यात वेणू गेली. अकरा वर्षांची होती. "किसनला गोदी सापडली की मला लगेच सांगा," असं ती म्हणायची. त्यानंतरची नऊ वर्षं सदानंद प्रत्येक अंक घरी मोठ्यानं वाचत राहिले. बायको पारूबाई भाकरी थापता थापता ऐकायची. ती कधी काही बोलली नाही, पण अंक यायला उशीर झाला तर टपालात का बघून येत नाही म्हणून विचारायची.

आणि मग दोनशेबारावा, शेवटचा अंक आला.

किसनला गोदी सापडली. एका घराच्या खिडकीतून त्याला ती दिसली. गृहपाठ करत होती आणि त्या जगातला तिचा बाप, दुसरा किसन, मागं बसून तिच्या केसांतला गुंता सोडवत होता. आपला किसन चार पानं नुसता बघत उभा राहिला. मग वळला. जगाजगांमधल्या भिंतीला पडलेली सगळी भगदाडं त्यानं एकेक करून बुजवली आणि शेवटचं भगदाड आतून बंद केलं. तो कुठल्या जगात उरला हे सांगितलेलंच नव्हतं. शेवटचं पान काळं होतं.

सतरा वर्षं आठ महिने वाट पाहिलेले वाचक खवळले. सांगलीत पोरांनी छापखान्याच्या दारात बसकण मारली. कराडच्या एका सलूनमध्ये 'इथे शेवटावर चर्चा करू नये' अशी पाटी लागली, कारण वस्तरा हातात असताना वाद व्हायला लागले होते. बीडच्या एका फौजदारानं किसन बेपत्ता झाल्याची रीतसर तक्रार लिहून पाठवली. मालवणच्या वसुमती पेडणेकर या शाळामास्तरीणबाईंनी स्वतःच चौसष्ट पानांचा नवा शेवट लिहून काढला आणि सोबत कळवलं, 'तुम्हांला जमलं नाही म्हणून.' प्रकाशकाकडं पोत्यांनी पत्रं येऊन पडली.

सदानंदनी लिहिलेलं पत्र चार ओळींचं होतं. 'रागावलेलो नाही. फक्त विचारतो. इतकी वर्षं शोधली आणि एक हाक पण मारली नाही, असं का? मला हे एकीला सांगायचं आहे आणि कसं सांगावं ते कळत नाही.'

विश्राम गुरव यांचं उत्तर आलं. 'पत्रात सांगता येणार नाही. पुढच्या रविवारी घरी या.'

तो रविवार यायच्या आत वाचनालयातल्या कुणीतरी सदानंदना सुचवलं, की शेजारच्या जगांतही 'पारगामी' निघतच असणार, तिथला शेवट वेगळा असला तर? छापील गोष्ट मागवण्याचा अर्ज कुणालाही करता येई. सदानंदनी तो भरला आणि गुरुवारी ते घाटातल्या बोगद्यात जाऊन पोचले.

तिथल्या प्रमुख डॉ. वैजयंती शिराळकर स्वतः बाहेर आल्या. त्यांच्या टेबलावर 'पारगामी'चा शेवटचा अंक होता, कडेला चहाचा डाग पडलेला.

"अठ्ठावीस अर्ज आलेत या अंकासाठी," त्या म्हणाल्या. "तुमचा पहिला. खरं तर एकोणतिसावा मीच करणार होते."

"मॅडम, हे यंत्र काय करतं ते मला समजंल असं सांगा की."

"जोतिबाच्या यात्रेत एकटा माणूस बोलला तर ऐकू येतं का, तिवलेकाका? पण सगळ्यांनी एकदम चांगभलं म्हटलं की डोंगरापलीकडं जातं. चाळीस हजार प्रती म्हणजे चाळीस हजार माणसांनी एकच वाक्य म्हणणं. ते आम्हांला ऐकू येतं."

सदानंदनी विचारलं, "नऊ वर्षांमागं फुटलेली फांदी असंल तर?"

वैजयंतीबाईंना हा प्रश्न नवा नव्हता. येणारे बहुतेक लोक आज ना उद्या तो विचारतच. "नाही येत, काका. फांदी फुटली की दोन्ही जगं रोज थोडीथोडी वेगळी होत जातात. तीन वर्षं झाली की आवाज विरून जातो. यंत्राचा दोष नाही तो. निसर्गच तसा आहे."

"असू द्या. सहज विचारलं."

एक्केचाळीस जगांतले अंक पकडता येत होते. पडद्यावर पहिलं पान उमटलं आणि सदानंद खुर्चीत पुढं सरकले. तोच किसन, तीच खिडकी. पण इथं तो खिडकीवर टकटक करत होता. गोदीनं वर पाहिलं. पुढचं अख्खं पान ती धावत होती आणि त्याच्या पुढच्या पानावर किसननं तिला उचलून घेतलं होतं. सदानंदनी रुमाल काढला.

"एकदा सुरुवातीपासून बघू," वैजयंतीबाई म्हणाल्या. त्यांनी मुखपृष्ठाच्या आतलं पान लावलं.

त्या पानावर काळी चौकट होती. आत लिहिलं होतं, 'माझी लेक केतकी हिच्या स्मृतीस.' खाली दोन सालं. दुसरं साल दोन वर्षांपूर्वीचं होतं.

वैजयंतीबाईंनी दुसरं जग लावलं. तिथंही टकटक, तिथंही धावणारी गोदी आणि तीच चौकट. तिसरं, चौथं. अर्ध्या तासानं त्यांनी हिशेब सांगितला. अडतीस जगांत बापलेकींची भेट होत होती आणि त्या अडतीसही अंकांत चौकट होती. उरलेल्या तीन जगांत किसन इथल्यासारखाच वळून निघून गेला होता. त्या तिन्हींत चौकट नव्हती.

"गुरवांची मुलगी आहे ना इथं?" सदानंदनी हळूच विचारलं.

"आहे. दोन वर्षांपूर्वी मेंदूज्वर झाला होता तिला. पेपरात आलं होतं, रक्तासाठी वाचकांनी रांग लावली होती. ती वाचली." वैजयंतीबाईंनी पडदा बंद केला. "काका, आमचा एक नियम आहे. जिवंत माणसाचं शेजारचं मरण त्याला कळू द्यायचं नाही. हा अंक मला सील करावा लागेल. आणि तुम्हांला मी हात जोडते."

"मी कशाला कुणाला सांगतोय?" सदानंद म्हणाले.

रविवारी ते उत्तरेश्वर पेठेत गेले. बेल वाजवली तेव्हा दार उघडलं ते चोवीस-पंचवीस वर्षांच्या मुलीनं. केस ओले होते, खांद्यावर टॉवेल होता.

"तिवलेकाका ना? मी केतकी. बाबा वर आहेत, या. चपला आतच ठेवा, गल्लीतलं कुत्रं एक पळवतं, दोन्ही पळवत नाही."

सदानंदना पुढं पाऊल टाकता येईना. तीन दिवसांपूर्वी हे नाव त्यांनी अडतीस वेळा काळ्या चौकटीत वाचलं होतं. केतकीला वाटलं उन्हानं घेरी आली. तिनं त्यांना हाताला धरून बसवलं आणि लिंबाचं सरबत आणलं. त्यात साखर इतकी होती की तळाला राहिली होती. सदानंद ते चमच्यानं ढवळून सगळं प्याले.

विश्राम गुरव साठीला आलेले, किरकोळ अंगाचे गृहस्थ होते. बोटांना रंग लागलेले. केतकी भाजीला गेल्यावर त्यांनी स्वतःहूनच विषय काढला.

"ती दवाखान्यात नऊ दिवस बेशुद्ध होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आशा धरू नका. मी बाहेरच्या बाकावर बसून शेवटच्या अंकाची पानं आधीच चितारली. किसन खिडकी वाजवतो, गोदी धावत येते. रंगसुद्धा भरले. माझ्या हातात तेवढंच होतं. दहाव्या दिवशी हिनं डोळे उघडले. घरी आल्यावर ती पानं पुन्हा पाहिली आणि मला कसंतरी झालं."

"का वो? चांगली तर हाईत."

सदानंदनी जीभ चावली. पण शब्द निघून गेला होता.

विश्राम त्यांच्याकडं पाहत राहिले. "त्या घरात गोदीला बाप आहे, तिवले. किसननं तिला उचलून नेल्यावर त्या बापानं काय करायचं? बाकावर बसलो होतो तेव्हा मला हा प्रश्न पडला नाही. पोर घरी आल्यावर पडला. ज्याची पोर घरात आहे त्यालाच दुसऱ्या बापाचा विचार परवडतो. म्हणून मी ती पानं फाडली. कुणाला दाखवली नव्हती." ते थांबले. "बोगद्यात अर्ज केलेल्यांच्या यादीत तुमचं नाव वाचलं मी. एकच सांगा. तिकडं त्यांची भेट होते?"

सदानंद जमिनीकडं बघत बसले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"होते," ते म्हणाले.

खाली फाटक वाजलं, केतकी कुणाला तरी कोथिंबिरीवरून बोलत आत आली. तिच्या चपलांचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत जाईतोवर विश्राम कान देऊन ऐकत होते.

"म्हणजे माझी केतकी तिकडं नाही," ते म्हणाले. "तुम्ही काही सांगितलं नाहीत. मी मला ओळखतो, एवढंच. किती जगांत?"

"अडतीस."

"एकूण किती बघितली?"

"एक्केचाळीस."

विश्राम म्हणाले, "तिकडंही यंत्र आहे. तिकडचे वाचक आपला अंक मागवतील, तो तिथल्या मला दाखवतील. तिकडच्या अंकात मी तिच्या नावाची चौकट घातलीच असणार, माझ्या अंकात ती नाही. त्याला कळेल." त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "प्रकाशक वाचकांच्या पत्रांचा विशेषांक काढतोय, तोही चाळीस हजार. त्यात छापलेलं तिकडं पोचेल. तिवले, तुमच्या पत्रातली ती 'एकी' कोण असेल ते मी ओळखलं होतं. मी त्याच्या जागी नाही. तुम्ही आहात. तुम्ही सांगा, ती बरी आहे असं कळवू का? की नको?"

सदानंद म्हणाले,

"माझी वेणू गेली तेव्हा लोक म्हणायचे, देवाघरी सुखात हाय. मला राग यायचा. सुखात म्हंजे काय? काय खाती, कुणापाशी निजती, ते कोण सांगंना. तसलं मोघम नको. पण कुणी येऊन म्हटलं असतं, आज वेणूनं नवी चप्पल तोडली, तर त्याच्या मी पाया पडलो असतो."

"आणि नंतर त्रास झाला असता तर?"

"त्रास आत्ता बी हायच की."

त्याच संध्याकाळी विश्रामांनी केतकीला सगळं सांगितलं. तिनं पुन्हा पुन्हा आकडा विचारला. मग म्हणाली, "म्हणजे मीच जास्तीची आहे." ती दोन दिवस कमी बोलली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "छापा."

वैजयंतीबाईंना विचारलं तेव्हा त्यांनी नियमांची वही दोनदा वाचली. "हा नियम इथल्या जिवंतांना सांभाळायला केला," त्या म्हणाल्या. "पलीकडच्या जिवंतांचा विचार करायला आम्ही कुणीच बसलो नव्हतो. मी अडवणार नाही."

विशेषांक निघाला. फौजदाराची तक्रार होती, मालवणच्या बाईंची सहा पानं होती, सांगलीच्या पोरांच्या शिव्या गाळून उरलेलं पत्र होतं. पान चौदावर सदानंदांचं पत्र होतं. 'गुरवसाहेबांकडे जाऊन आलो. दार केतकीनं उघडलं. नुकतीच नाहून आली होती. सरबत केलं, साखर ढीगभर. कोथिंबिरीची जुडी पिवळी दिली म्हणून भाजीवालीशी भांडली. हसते तेव्हा तोंडावर हात धरते. वजन थोडं कमी वाटलं, पण चालण्यात जोर आहे.' बाकी काही नव्हतं. इथल्या वाचकांना वाटलं, म्हातारा भरकटला.

सात आठवड्यांनी वैजयंतीबाईंनी तिघांना बोगद्यात बोलावलं. शेजारच्या जगांतही पत्रांचे विशेषांक निघाले होते. तिथले वाचक शेवट फार गोड झाला म्हणून चिडले होते. सतरा वर्षं आम्हांला लहान पोरं समजलात का, असं एकानं विचारलं होतं. पण अकरा जगांतल्या अंकांत पान चौदावर लेखकाची एक छोटी चौकट होती. आता ती काळी नव्हती.

वैजयंतीबाईंनी एकेक वाचून दाखवली. 'डावा कान अजून दुखतो का?' 'साखरेचं मी पण सांगून थकलो होतो. आता सांगू नका.' 'पोहायला शिकली का? मी शिकवायचं राहून गेलं.' एकात फक्त 'वाचलं' एवढाच शब्द होता. आणि अकरापैकी नऊ ठिकाणी शेवटी तीच ओळ होती, 'पुढं लिहा.'

केतकीनं तोंडावर हात धरला होता, पण ती हसत नव्हती. विश्राम आपलंच अक्षर, आपलीच वाक्यांची मोडणी परक्यासारखी बघत होते.

"किती दिवस पोचेल हे?" त्यांनी विचारलं.

"फांदी फुटून सव्वादोन वर्षं झाली," वैजयंतीबाई म्हणाल्या. "अजून नऊ महिने. शेवटी शेवटी अक्षरं तुटक होतील. मग नाही."

"त्यांना माहीत आहे का हे?"

"तिथंही मी आहेच. तिथल्या मीही हेच सांगितलं असणार."

विश्राम उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले. "म्हणजे आता तारीख ठरवून जाणार ती त्यांच्याकडून. दुसऱ्यांदा."

सदानंदांचा चेहरा उतरला. त्यांच्या एका शब्दावर ते पत्र छापलं गेलं होतं. अडतीस बापांच्या घरात त्यांनी एक लेक नेऊन ठेवली होती आणि ती नऊ महिन्यांनी परत काढून घ्यायची होती. "माझं चुकलं, पोरी," ते केतकीला म्हणाले. "मी माझ्यापुरतं बोललो."

"काका, त्यांनी 'पुढं लिहा' म्हटलंय," केतकी म्हणाली. "थांबा म्हटलं नाही."

मालिका तर संपलेली होती. छापायला अंक नव्हता आणि चाळीस हजार प्रतींखेरीज आवाज पलीकडं जाणार नव्हता. केतकीनं स्वतःच्या नावानं वाचकांना खरं काय ते कळवलं आणि विचारलं, ज्यात किसन नाही, लढाई नाही, फक्त माझं एक पत्र आहे असा अंक तुम्ही नऊ महिने घ्याल का? मालवणच्या वसुमतीबाईंनी आपल्या शाळेसाठी शंभर मागवले. सांगलीच्या पोरांनी, छापखान्याच्या दारात बसली होती त्यांनीच, गठ्ठे बांधायला येतो म्हणून कळवलं. सहा दिवसांत चाळीस हजार नावं भरली.

पहिलं पत्र लिहायला केतकी बसली तेव्हा सदानंद आणि पारूबाई दोघंही आले होते. पारूबाई वेणूबद्दल नऊ वर्षांत प्रथमच बोलली, सहज बोलावं तशी, केतकीच्या केसांकडं बघत. मग ती स्वयंपाकघरात गेली. केतकीनं कागद पुढं ओढला आणि पेन उचलून थांबली.

"एकच पत्र सगळ्यांना चालेल?"

"त्यांच्यातल्या प्रत्येकाला ते एकट्यालाच आलेलं असेल," विश्राम म्हणाले.

"आणि मायना काय लिहू? बाबा तर तुम्ही आहात."

विश्राम हातातला ब्रश पुसत होते. "बाबाच लिही," ते म्हणाले. "तिथं त्यांना तसं म्हणायला दुसरं कोण आहे?"

तिनं तारीख घातली, मायना लिहिला आणि पहिली ओळ सुरू केली. तसे विश्राम उठले, सदानंदना खुणेनं चला म्हणाले आणि मागं दार ओढून घेऊन बाहेरच्या खोलीत येऊन बसले.

"का वो?" सदानंदनी विचारलं. "तिनं काय जा म्हटलं न्हाई."

"दुसऱ्याचं पत्र आहे," विश्राम म्हणाले.